वाती वळण्याचा आवाज टिपायचा, तर माइक कोणता घ्यायचा?

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी आत्या रोज तिन्हीसांजेच्या आधी ओटीवर बसून वाती वळते. बोटांना दुधाचा किंचित ओलावा, कापसाचा पुंजका, आणि तळव्यावर तळवा फिरताना येणारा एक आवाज. 'खस' म्हणावं तर जास्त होतं, 'सर्र' म्हणावं तर चुकतं. शेजारी बसलं तर ऐकू येतो, उंबऱ्यात उभं राहिलं तर नाही. मला तो जसाच्या तसा मुद्रित करून ठेवायचा होता. त्यासाठी तीन वर्षं मी माइक शोधत होते आणि पैसे चुकीच्या जागी घालत होते. आता तो आवाज माझ्याकडे आहे. ज्यांना आपल्या घरातले असे बारीक आवाज टिपून ठेवायचे आहेत, चुलीवरच्या पेजेचा, आंबलेल्या पिठाचा, पाऊस थांबल्यावर कौलांवरून सुटणाऱ्या शेवटच्या थेंबांचा, त्यांना तीन वर्षं लागू नयेत म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी एक आकडा बघा

दुकानात माइक विचारला की सोनेरी पडदा दाखवतात, किती मोठा आवाज सहन करतो ते सांगतात, वीस ते वीस हजार हर्ट्झचा आलेख पुढे करतात. आपल्या कामाला यातलं फारसं काही लागत नाही. माहितीपत्रकात 'सेल्फ नॉइज' किंवा 'इक्विव्हॅलंट नॉइज लेव्हल' अशी एक ओळ असते, ती शोधा. ती छापलेलीच नसेल तर तो माइक बाजूला ठेवा.

प्रत्येक माइक पूर्ण शांततेतही स्वतःची थोडी सरसर करत असतो. हवेचे रेणू त्याच्या पडद्यावर आदळत असतात, आतल्या सर्किटमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने हलत असतात. ही सरसर बंद करता येत नाही, कमीच असलेला माइक निवडावा लागतो. ती डेसिबल-ए मध्ये, म्हणजे माणसाच्या कानाच्या ऐकण्याला धरून, मोजतात. शून्य डेसिबल म्हणजे २० मायक्रोपास्कल दाब, तरुण निरोगी कानाला जेमतेम लागेल एवढा. रात्री खिडक्या लावलेली शांत खोली साधारण २५ ते ३० डेसिबलची असते. वातीचा आवाज हातभर अंतरावरून त्याच्याही खाली, माझ्या अंदाजाने विसाच्या आत. आता माइकची स्वतःची सरसर १८ असेल, तर ती सरसर आणि कापसाची सरसर एकमेकींत मिसळतात. कापूस आणि माइकची सरसर एकाच जातीच्या असल्यामुळे नंतर संगणकावर कितीही गाळलं तरी एकीला काढताना दुसरी जातेच. हे मी स्वतः खूप रात्री करून पाहिलं आहे.

माझं माप असं: १० च्या आत असेल तर उत्तम. १४-१५ असेल आणि माइक आवाजाच्या अगदी जवळ नेता येणार असेल तर चालेल. विसाच्या वर असेल तर या कामाला नको. ओळखीची उदाहरणं द्यायची तर रोड एनटी१-ए चा आकडा ५ आहे, नॉयमन टीएलएम १०३ चा ७, सेनहायझर एमकेएच ४१६ चा १३, रोड एनटी५ चा १६. यातला शेवटचा तबला-पेटीसाठी छान माइक आहे, पण आंबोळीच्या पिठासाठी नाही. माइक वाईट आहे म्हणून नव्हे, तो त्या कामासाठी केलेलाच नाही म्हणून.

काही ठिकाणी सेल्फ नॉइजऐवजी 'सिग्नल टू नॉइज' छापतात. तो आकडा ९४ मधून वजा करा, की सेल्फ नॉइज मिळतो. ९४ का, तर १ पास्कल दाब म्हणजे ९४ डेसिबल, आणि माइक तिथेच मोजतात. फोनमधल्या इवल्याशा माइकचा सिग्नल टू नॉइज ६५च्या आसपास असतो. म्हणजे सेल्फ नॉइज २९. फोनवर वातीचा आवाज का येत नाही, ते या एका वजाबाकीत कळतं.

आणखी एक गोष्ट सांभाळा. एकाच माइकचे दोन आकडे दिसले, एक ५ आणि दुसरा त्याहून दहा-अकराने मोठा, तर गोंधळू नका. मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. दोन माइकांची तुलना करताना दोन्ही आकडे 'ए' पद्धतीचेच घ्या.

जवळ जाणं

आकडा समजल्यावर मी चूक केली ती ही की सगळा भार त्याच्यावरच टाकला. अंतराचा हिशोब केला नाही.

लहानशा वस्तूचा आवाज अंतर निम्मं केलं की ६ डेसिबलने वाढतो. माइक ४० सेंटिमीटरवरून २० वर आणला, सहा. दहावर आणला, बारा. पाचावर आणला, अठरा. म्हणजे १४ सेल्फ नॉइजचा लहान माइक वातीपासून पाच सेंटिमीटरवर ठेवला, तर तो चाळीस सेंटिमीटरवरच्या ५ सेल्फ नॉइजच्या भारी माइकपेक्षा ९ डेसिबलने सरस ठरतो. मोठा माइक पाच सेंटिमीटरवर का नेत नाही, असं विचाराल. मनगटाएवढा माइक आत्याच्या हातासमोर ठेवला की तिचे हात बदलतात. ती वात जपून वळायला लागते, आणि मला हवा तो आवाज तिथेच संपतो. शिवाय मोठा माइक इतका जवळ आणला की हात हलल्याची हवाही त्यात येते.

म्हणून पहिली खरेदी काय करावी, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: प्रिमो ईएम२७२ या कॅप्सूलवर, म्हणजे माइकमधल्या आवाज टिपणाऱ्या भागावर, बांधलेल्या लहान माइकांची जोडी. कॅप्सूल जेमतेम १० मिलिमीटर रुंद, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. सेल्फ नॉइज १४. रेकॉर्डरच्या साध्या ३.५ मिलिमीटर जॅकमधून 'प्लग-इन पॉवर', म्हणजे माइकला लागणारी थोडीशी वीज, मिळाली की चालतं. सोल्डरिंग येत असेल तर नुसती कॅप्सूल आणून घरीही बांधता येतात. माझी पहिली जोडी मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वायर आणि जॅक आणून माजघरातच बांधली.

हे माइक सगळ्या दिशांनी सारखं ऐकतात. एकाच दिशेने ऐकणारा माइक घ्यावा असं पुष्कळांना वाटतं, कारण नको ते आवाज टळतील. पण असा माइक अगदी जवळ नेला की खर्जातला भाग फुगतो, पेजेच्या बुडबुड्याचा गोळीबार होतो. वाऱ्याची साधी झुळूक आणि वायरला लागलेला धक्काही त्याला जास्त लागतो. सर्व बाजूंनी ऐकणाऱ्या माइकला जवळ नेलं तरी आवाजाचा रंग बदलत नाही.

आंबोळीचं पीठ मी याच माइकने घेतलं. रात्री भिजवलेलं, उबेला ठेवलेलं पीठ पहाटे फुगून येतं आणि त्याच्या पृष्ठावर बारीक बुडबुडे फुटत असतात. माइकला दोऱ्याने बांधून पातेल्याच्या काठावरून आत सोडलं, पिठापासून तीन बोटं वर. पातेल्यावर सुती पंचा टाकला. रेकॉर्डरचा प्रीअँप, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारा भाग, बऱ्यापैकी वर चढवला आणि स्वैपाकघरातून बाहेर आले. आत्या पहाटे उठली आणि म्हणाली, "काय गो बाय, पिठाला सलाइन लावलंयस?" ती पंचा काढणार तेवढ्यात मी तिला थांबवलं. त्या फाइलमध्ये साडेतीन तासांत कितीतरी बुडबुडे आहेत. आधी एकेक, मग गर्दी. प्रत्येकाचा सूर थोडा वेगळा, कारण बुडबुड्याचा आकार वेगळा. मोठा फुटतो तेव्हा ओठ सुटल्यासारखा आवाज येतो.

रेकॉर्डरचा प्रीअँप

माइकमधून येणारी वीज अत्यल्प असते, ती वाढवणारा प्रीअँपही स्वतःची सरसर घालतो. उदाहरणादाखल गाण्याच्या कार्यक्रमात सगळीकडे दिसणारा शुअर एसएम५८ बघा, हा डायनॅमिक माइक, म्हणजे पडद्याला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज तयार करणारा. तो १ पास्कलला १.८५ मिलिव्होल्टच्या आसपास देतो. एनटी१-ए २५ मिलिव्होल्ट देतो, साडेतेरा पट. झूम एफ३ सारख्या चांगल्या रेकॉर्डरच्या प्रीअँपची सरसर उणे १२७ डीबीयू आहे (हे विजेच्या बाजूचं माप, जितकं खाली तितकं शांत). हिशोब केला तर २० डेसिबलचा आवाज एसएम५८ मधून आला की तो जवळजवळ त्या प्रीअँपच्या सरसरीएवढाच उरतो. एनटी१-ए मधून तोच आवाज त्या सरसरीच्या २३ डेसिबल वर राहतो. म्हणून बारीक आवाजासाठी संवेदनशील माइक घ्या, प्रीअँपवरचा भार आपोआप उतरतो. गावात कुणाकडे भजनाचा डायनॅमिक माइक पडून आहे म्हणून तो या कामाला मागू नका.

३२ बिट फ्लोट, म्हणजे अगदी बारीक ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये मावणारी मुद्रणाची पद्धत, त्याबद्दल सगळे विचारतात. त्याने लेव्हल चुकल्याची भीती जाते, आवाज फाटत नाही. पण माइकची किंवा प्रीअँपची सरसर त्याने तीळभरही कमी होत नाही. अपेक्षा तेवढीच ठेवा.

पावसाळा

या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण शहरात राहणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

जुलै महिन्यात आमच्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, चपलांना बुरशी येते, कपाटातल्या साड्या ओलसर लागतात. मी वापरलेला, मोठ्या पडद्याचा एक कंडेन्सर माइक विकत घेतला होता. आकडा उत्तम, उन्हाळ्यात काम उत्तम. जुलैत पडवीत लावला आणि हेडफोनमध्ये 'फट्, फट्, चर्र' सुरू झालं. मला वाटलं पडदा फाटला. मुंबईला दुरुस्तीला पाठवला, दोन आठवड्यांनी चिठ्ठीसह परत आला: माइक ठीक आहे. तिथल्या कोरड्या खोलीत तो ठीकच असणार. इथे येताच पुन्हा फट् फट्.

कारण असं आहे. साध्या कंडेन्सर माइकच्या पडद्यावरचा विद्युतभार फार मोठ्या रोधाच्या सर्किटवर धरून ठेवलेला असतो. दमट हवेत पडद्याच्या कडेवर आणि सर्किटवर ओलाव्याचा पातळ थर बसतो, भार त्यातून गळायला लागतो, आणि ते गळणं आपल्याला फटफट म्हणून ऐकू येतं. सेनहायझरची एमकेएच मालिका आणि रोड एनटीजी३ वेगळ्या तत्त्वावर चालतात. त्यांच्यात पडदा कमी रोधाच्या उच्च-वारंवारतेच्या सर्किटात बसवलेला असतो, त्यामुळे ओलावा त्यांना फारसा त्रास देत नाही. कोकणात पावसाळ्यात बाहेर मुद्रण करायचं आणि खिशाला परवडत असेल, तर तिथेच पैसे घाला. सेल्फ नॉइज १३ म्हणजे घरातल्या मोठ्या माइकपेक्षा जास्त, पण फटफट करणाऱ्या ५ च्या माइकपेक्षा शांत राहणारा १३ चा माइक कितीतरी चांगला.

ज्यांच्याकडे साधा कंडेन्सर आहे त्यांनी एवढं करावं. घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात नारिंगी रंगाचं सिलिका जेल कापडी पिशवीत घाला. जेल हिरवं झालं की ओलावा पिऊन भरलं. तव्यावर अगदी मंद आचेवर ते पुन्हा नारिंगी होईपर्यंत गरम करा, थंड झाल्यावर परत डब्यात. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, ५० टक्क्यांच्या खाली असू द्या. माइक वापरून झाला की फोमची टोपी काढूनच आत ठेवा, कारण ती ओलावा धरते. आणि एसी गाडीतून उतरून थेट दमट अंगणात माइक उघडू नका, थंड धातूवर लगेच दव धरतं. पिशवीतच अर्धा तास राहू द्या, बाहेरच्या हवेइतका गरम होऊ द्या. तांदळाच्या डब्यात माइक पुरणारे मी पाहिले आहेत. तांदूळ ओलावा ओढतो खरा, पण पिठाची धूळही सोडतो. ती धूळ पडद्याला नको.

गाज आणि लाइट

समुद्र आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. रात्री सगळं शांत झालं की गाज ऐकू येते, आणि ती कुठल्याही माइकला ऐकू येते. तुमचा माइक ५ चा असला तरी खोलीच मुळात २८ ची असेल तर त्या पाचाचा उपयोग काय? म्हणून माइक निवडण्याआधी जागा आणि वेळ निवडा. दुपारी खारे वारे सुटतात, माडांच्या झावळ्या वाजायला लागतात, तेव्हा बारीक आवाजाचं काम काढू नका. पहाटे मतलई वारा पडून खारा वारा सुरू होण्याआधी एक स्तब्ध वेळ येते, ती माझी. पावसाळ्यातले रातकिडे बरोबर त्याच पट्टीत ओरडतात जिथे कापसाचा आवाज असतो. वाती मी म्हणूनच पौषात घेतल्या. गाज खर्जातली आहे, ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर लावला तर तिचा तळ जातो, वरचा फेसाळ भाग राहतो. तो टाळायला समुद्राकडच्या भिंतीआड, माजघरात बसा.

आणि लाइट गेली की हातातलं काम टाकून माइक काढा. फ्रिज, पंखा, इन्व्हर्टर, शेजारचा पंप, सगळ्यांची ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण एकदम थांबते. लाइट गेल्यावर घर किती शांत होतं ते हेडफोन लावूनच कळतं. रेकॉर्डर बॅटरीवर ठेवण्याचं हे एक कारण. इन्व्हर्टर मात्र बंद करायला विसरू नका.

हवेतून न येणारे आवाज

काही आवाज हवेत येतच नाहीत, लाकडात असतात. त्यांच्यासाठी पितळी चकतीचा पिझो, म्हणजे कंपनांपासून वीज तयार करणारी चकती, घ्या, बझरमध्ये असतो तोच, २७ मिलिमीटरचा. चहाच्या पैशात मिळतो. पण तो रेकॉर्डरच्या साध्या लाइन इनपुटला लावू नका. १० किलोओहमच्या इनपुटवर या चकतीचा सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचा आवाज गळून जातो, पत्र्यासारखा कर्कश भाग तेवढा उरतो. गिटारसाठी असतो तो १ मेगाओहमचा इनपुट किंवा मधे छोटा बफर (चकतीचा कमजोर सिग्नल रेकॉर्डरला पेलेल असा करणारं सर्किट) हवा, मग खालचंही सगळं येतं. चकती मेणाने खांबाला चिकटवा. आमच्या पडवीच्या जुन्या खांबावर एका रात्री अशी चकती लावली आणि आत टकटक ऐकू आली. वाळवीचे सैनिक धोका वाटला की डोकं लाकडावर आपटतात, ती. सकाळी सुताराला बोलावलं. घराच्या दृष्टीने ते मुद्रण सगळ्यात उपयोगी ठरलं.

तिसऱ्यांसाठी, म्हणजे खायच्या शिंपल्यांसाठी, मात्र पुन्हा छोटे माइकच. बाजारातून आणलेल्या तिसऱ्या वाळू सोडायला मिठाच्या पाण्यात ठेवतात, तेव्हा त्या हळूहळू उघडतात, नळी बाहेर काढतात, मधूनच पाण्याची बारीक चिळकांडी, आणि कुणी जवळून गेलं की टक् करून मिटतात. एक टक्, मग शेजारचीचा टक्. माइक पाण्यापासून चार बोटं वर आणि एका बाजूला ठेवा, बरोबर वर ठेवला तर खारं पाणी उडून कॅप्सूल संपेल. परातीखाली घडी केलेली गोधडी घाला, नाहीतर जमिनीवरून चालण्याचा दणका येतो. सारवलेल्या जमिनीवर हा त्रास कमी, फरशीवर फार. रेकॉर्डर सुरू करून खोलीतून बाहेर जा. तुमचा श्वास, पोटाची गुरगुर, साडीची सळसळ, सगळं येतं.

विकत घेण्याआधी

माइक भाड्याने किंवा उसना मिळत असेल तर एक रात्र घरी आणा. गोधड्यांच्या कपाटात ठेवा, दार लावा, एक मिनिट मुद्रण करा. मग चावीचं हातघड्याळ माइकपासून फूटभर अंतरावर ठेवून पुन्हा एक मिनिट. दोन माइकांच्या बाबतीत घड्याळाची टिकटिक संगणकावर सारख्या उंचीची करा आणि मग टिकटिकीच्या मधली जागा ऐका. ज्याच्यात ती जागा जास्त रिकामी, तो घ्या. माहितीपत्रकापेक्षा माझा या परीक्षेवर जास्त विश्वास आहे, कारण यात तुमचा रेकॉर्डर, तुमची वायर आणि तुमचं घर, तिन्ही येतात.

वातीसाठी शेवटी मी जे केलं ते असं. आत्या बसते त्या पाटाच्या दोन्ही कडांना कापसाच्या चिमटीत गुंडाळून एकेक कॅप्सूल चिकटवलं, हातांपासून साधारण सहा सेंटिमीटर. वायर पाटाखालून नेली. सलग आठ दिवस माइक तसेच ठेवले आणि मुद्रण केलं नाही, म्हणजे तिला त्यांची सवय होईल. नवव्या दिवशी लाइट गेली. मी मागच्या दाराने आले, बटण दाबलं आणि परसात जाऊन उभी राहिले. वाती संपल्यावरही रेकॉर्डर एक मिनिट चालू ठेवला, रिकाम्या ओटीचा आवाज नंतर सांधायला लागतो म्हणून. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला दिवस, जागा आणि कुठला माइक ते तोंडाने बोलून ठेवते, कारण कागद हरवतात. त्या दिवशीचं मी बोलायला विसरले होते, म्हणून शेवटी आत्यालाच बोलायला लावलं. तिने तारखेऐवजी तिथी सांगितली: पौष शुद्ध एकादशी, ओटीवर.